सहा-शून्य मागे असताना मारलेला होमर मला नकोय

कालची बेसबॉलची मॅच. पाचवी इनिंग, आपण एक-शून्यने मागे, बेसेस लोडेड, एकही आउट नाही. चार बॉल. तिन्ही आउट, इनिंग संपली. रन शून्य.

चार बॉल हो! आईने चहात साखर टाकली होती, ती विरघळायच्या आत आमचे तीन माणसं बेसवर होते ते शून्य झाले. बरं, तो समोरचा पिचर घामाघूम झालेला, आधीच्या माणसाला सलग चार बॉल बाहेर टाकून फुकट पहिल्या बेसवर चालवलेलं, त्याला स्ट्राइक झोन कुठाय ते सापडत नव्हतं, त्यांचा कोच माऊंडवर जाऊन पाठीवर हात फिरवून आला. अशा वेळी काय करायचं असतं? काही नाही! गप्प उभं राहायचं. बॅट खांद्यावर ठेवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. पण नाही. दोन नंबरवाल्याने दुसऱ्याच बॉलवर असा उंच, सरळ वर, आभाळात बॉल मारला की अंपायरने तो खाली यायच्या आधीच हात वर करून इनफिल्ड फ्लाय (म्हणजे सोपा कॅच, झेलायच्या आधीच आउट) देऊन टाकला. एक आउट.

ठीक आहे म्हटलं. कारण पुढचा आमचा तीन नंबर. आमचा हिरो. नाव घेत नाही, घरात पोरीच्या खोलीत त्याचं पोस्टर आहे. त्याला फक्त एक, एकच उंच फ्लाय आउटफिल्डमध्ये मारायचा होता, आउट झाला असता तरी चाललं असतं, तिसऱ्या बेसवरचा पळत घरी आला असता, रन मिळाली असती, त्याच्या ॲव्हरेजला धक्काही लागला नसता कारण सॅक्रिफाइस फ्लाय ॲट-बॅटमध्ये धरतच नाहीत. आउट होऊन कौतुक, अशी सोय आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळते सांगा मला. पहिला बॉल बाहेर, सोडला, शाबास. दुसरा स्लायडर, खाली, बाहेर, प्लेटपासून अर्धा मैल लांब, आणि साहेबांनी वाकून, अक्षरशः जमिनीवरचा शेंगदाणा उचलावा तसा तो उचलला आणि सरळ पिचरच्या हातात दिला. पिचर टू कॅचर, कॅचर टू फर्स्ट. डबल प्ले, एका बॉलवर दोन आउट. खेळ खल्लास.

बेसेस लोडेड आणि शून्य आउट असले की शंभरातल्या पंच्याऐंशी वेळा निदान एक तरी रन येतेच, हे मी नाही म्हणत, वर्षानुवर्षांचे हिशोब म्हणतात. उरलेल्या पंधरा वेळा नेमकी आमचीच मॅच कशी असते हे कुठल्या हिशोबात बसतं ते सांगा.

पण खरा अपमान हा नाहीच. खरा अपमान नवव्या इनिंगमध्ये झाला. तोपर्यंत सहा-शून्य. दोन आउट. बेसवर चिटपाखरू नाही. समोर त्यांच्या बुलपेनमधला, म्हणजे राखीव पिचरांतला, शेवटचा पोरगा, ज्याला फक्त मॅच गुंडाळायला पाठवलंय. स्टेडियममधले लोक पार्किंगमधून गाडी काढायला निघून गेलेले. आणि तेव्हा, तेव्हा आमच्या हिरोने असा होमर, म्हणजे आपला षटकारच, मारला की बॉल दुसऱ्या मजल्यावर. वर उभं राहून बघतोय कुठे पडला ते! अरे सहा-एक झालंय बाबा, पळ घरी. आणि कॉमेंट्रीवाला काय म्हणतो, तर आता याला लय सापडलेली दिसतेय. लय! आणि आज सकाळी बॉक्स स्कोअर उघडला तर चार पैकी एक हिट, एक होमर, एक आरबीआय (त्याच्या फटक्यावर आलेली रन), ॲव्हरेज वाढलं. कागदावर बघणाऱ्याला वाटेल काल हा एकटा लढला.

एप्रिलपासून हेच चाललंय. एप्रिलमध्ये हा माणूस मेंडोझा लाइनच्या खाली होता, म्हणजे ॲव्हरेज .२०० च्याही खाली, दहात दोन हिटसुद्धा नाहीत (त्या बिचाऱ्या मारिओ मेंडोझाचं करिअर ॲव्हरेज .२१५ होतं, पण नाव कायमचं बदनाम), आणि तेव्हा सगळे मला समजावत होते की थंडी आहे, थंडीत असंच होतं. मान्य, थंड हवा दाट असते, तापमान दहा डिग्री फॅरनहाइटने उतरलं की लांब मारलेला बॉल साधारण तीन फूट अलीकडे पडतो, बॅटच्या झिणझिण्या हातात जातात, फिजिक्स मला पण शिकवलंय, सांगलीत का होईना. पण मग थंडी समोरच्या टीमला वाजत नाही का? आणि काल तर जुलै होता! घामाने माझा चष्मा घसरत होता! काल कसली थंडी?

मग ऑफिसमधला तो एक आहे. प्रत्येकाच्या ऑफिसात असतो. एप्रिलमध्ये म्हणतो स्मॉल सॅम्पल साइज (आकडे थोडे आहेत, एवढ्यावर काही ठरवू नको), मेमध्ये म्हणतो स्मॉल सॅम्पल साइज, बेसेस लोडेडवर झालं की परत स्मॉल सॅम्पल साइज. आज सकाळी मी कॉफी मशीनपाशी पोचायच्या आत सुरू. जजचं बघ म्हणे. यांकीजचा ॲरन जज, २०२४, एप्रिल संपेपर्यंत .२०७, लोक घरच्याच मैदानात हुर्यो करत होते, आणि मे महिन्यात १४ होमर, वर्षाअखेर ५८ आणि एमव्हीपी, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू. मी म्हटलं आणि ऑक्टोबर? त्याच वर्षी पोस्टसीझनमध्ये, ऑक्टोबरातल्या बाद फेरीच्या मॅचेसमध्ये, .१८४. त्यावर तो गप्प बसायला हवा होता ना? नाही. "ते पण स्मॉल सॅम्पल." अरे मग मोठं सॅम्पल कधी येतं? माझ्या रिटायरमेंटनंतर?

आणि मला सगळ्यात राग कशाचा येतो माहितीये, तो बरोबर असतो. डिक क्रेमर नावाच्या माणसाने १९७७ मध्येच आकडेमोड करून विचारलं होतं की क्लच हिटर म्हणून काही प्रकार खरंच असतो का, आणि एका वर्षी मोक्याला मारणारा पुढच्या वर्षी पण मोक्याला मारेल असं काही त्याला सापडलं नाही. आणि गंमत म्हणजे त्याच १९७७ मध्ये रेजी जॅक्सनने वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे फायनलच्या, सहाव्या मॅचमध्ये तीन वेगवेगळ्या पिचरना, तिघांच्या पहिल्याच बॉलवर, तीन होमर मारले आणि कायमचा मिस्टर ऑक्टोबर झाला. आता यातलं कुणाचं खरं मानायचं? डेरेक जीटरला मिस्टर नोव्हेंबर म्हणतात, २००१ चा तो मध्यरात्र उलटून नोव्हेंबर लागल्यावरचा दहाव्या इनिंगमधला होमर, सगळं मान्य, पण त्याचं रेग्युलर सीझनचं ॲव्हरेज .३१० आणि पोस्टसीझनच्या १५८ मॅचचं .३०८. म्हणजे मोक्याच्या वेळी तो काही वेगळा नव्हताच, जसा रोज होता तसाच होता. मला तेवढंच हवंय हो. वेगळा नको होऊस, रोजचा हो.

उलटं पण होतं. डेव्ह विनफिल्ड १९८१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये २२ पैकी १, मग त्याच्याच टीमच्या मालकाने, स्टाइनब्रेनरने, त्याला मिस्टर मे म्हणून हिणवलं. आणि १९९२ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, टोरांटोकडून अकराव्या इनिंगमध्ये सिरीज जिंकून देणारा डबल (दोन बेसचा फटका) त्यानेच मारला. अकरा वर्षं! आमच्या हिरोसाठी मी अकरा वर्षं थांबायचं का? आणि कार्लोस बेल्ट्रानचं तर बोलूच नका. पोस्टसीझनमध्ये करिअरचं .३०७, असले आकडे फार कमी लोकांचे, आणि लोकांना आठवतं काय, २००६, वर्ल्ड सिरीजच्या दाराशी, सातवी मॅच, नववी इनिंग, बेसेस लोडेड, पिचर वेनराइटचा कर्व्हबॉल आणि तो नुसता बघत उभा, आउट. माझ्याही डोळ्यासमोर तेच येतं. बाकीचे आकडे मला पाठ आहेत आणि तरी तेच येतं.

बाकी आता निघालंच आहे तर, ते एक्स्ट्रा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर फुकटचा रनर उभा करायचं खूळ कुणाच्या डोक्यातून आलं? २०२० मध्ये कोरोनापुरतं म्हणून आणलं आणि २०२३ पासून कायमचं करून टाकलं, पाहुणा चार दिवसांसाठी आला आणि रेशन कार्डावर नाव घालून बसला. आणि आमचा हिरो त्यातही, फुकटचा माणूस दुसऱ्या बेसवर आयता उभा असताना, स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइक आणि घरी. स्ट्राइकआउट! २०१८ मध्ये पहिल्यांदा अख्ख्या सीझनमध्ये हिटपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले तेव्हाच मी बघायचं सोडायला हवं होतं. टोनी ग्विन २० सीझन खेळला आणि सगळे मिळून ४३४ वेळा स्ट्राइकआउट झाला, हल्लीचे काही जण अडीच-तीन सीझनमध्ये तेवढे होतात आणि वर सोन्याची चेन घालतात. बंट (बॅट हलकेच लावून बॉल जवळच टाकणं) कुणाला येत नाही. आणि ते ॲप! दर महिन्याला पैसे भरतो आणि घरच्या टीमचीच मॅच ब्लॅकआउट, म्हणजे आमच्या भागात दाखवतच नाहीत, शुक्रवारी दुसरं ॲप, रविवारी तिसरं, पासवर्ड फक्त बायकोला माहीत आणि ती चिडलेली.

ती का चिडलेली, तर काल डबल प्ले झाल्यावर मी रिमोट सोफ्यावर आपटला, तो उडून आईच्या चहात गेला. हो. आई एप्रिलमध्ये आली इकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला, सहा महिन्यांसाठी, आणि तिला आता हा खेळ माझ्यापेक्षा जास्त कळायला लागलाय. आउट कसं होतं ते दोन आठवड्यात कळलं, इनफिल्ड फ्लाय मे महिन्यात कळलं (मला चार वर्षं लागली होती). एप्रिलमध्ये स्वेटर घालून बसायची आणि म्हणायची, "अरे याला गरम पाणी द्या प्यायला." काल कप पुसता पुसता शांतपणे म्हणाली, "हा मघाशी पण असाच वाकला होता ना? याला कुणी सांगत नाही का?" आई, त्याला सांगायला तीन हिटिंग कोच आहेत, आयपॅड आहेत, बॅटच्या वेगाचा हिशोब आहे. "मग तरी?"

मग तरी.

मग मी तिला गिल हॉजेसची गोष्ट सांगितली. ब्रुकलिनचा लाडका माणूस, १९५२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये २१ पैकी शून्य, पुढच्या वर्षी पण सुरुवातीला हात चालेना, तेव्हा एका रविवारी चर्चमधल्या फादरनी लोकांना सांगितलं की आज प्रवचन देण्याइतकं बरं हवामान नाही, उकडतंय, घरी जा, देवाच्या आज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा. आईने विचारलं, "मग झाला का बरा?" म्हटलं झाला, त्या वर्षी .३०२. तर म्हणे, "मग तुमच्याकडे कुणी भटजी नाहीत का?"

बायको हसायला लागली आणि मग थांबेचना, आणि म्हणाली की तू कुठे बोलतोस रे, तू स्वतः काय आहेस. आणि खरंच आहे ना. मागच्या रविवारी आमच्या ग्रुपची टेनिस बॉल क्रिकेटची मॅच, शेवटच्या ओव्हरमध्ये चार रन हव्या होत्या, मी स्ट्राइकवर, पहिलाच बॉल फुलटॉस, हळू, बाळाला टाकावा तसा, आणि मी तो सरळ मिडऑनला शेजारच्या काकांच्या हातात दिला. काका ६३ वर्षांचे, दुसऱ्या हातात मोबाइल. आणि ऑफिसात? एकटा असलो की कोड पहिल्या झटक्यात चालतो, डिरेक्टर कॉलवर आला की डेमो हँग. जिमचं बघा, जानेवारीत माझं ॲव्हरेज नऊशे आणि मार्चपासून बेंचवर. माझ्या एप्रिलचा ग्राफ कुणी टीव्हीवर दाखवला तर मी घराबाहेर पडणार नाही.

पण मला त्याचे वर्षाला अडीच कोटी डॉलर मिळत नाहीत!! हा एक फरक आहे आणि तो मी बायकोला तीनदा सांगितला.

सप्टेंबर संपेल तेव्हा याचं ॲव्हरेज बरोबर दरवर्षीच्या जागी येऊन बसणार, मला माहितीये. तीस-बत्तीस होमर असणार. कॉफी मशीनपाशी तो येणार आणि म्हणणार, बघ, सांगितलं होतं ना. त्यातले किती होमर सहा-शून्य मागे असताना मारले हे कुणी विचारणार नाही, मी विचारलं तर स्मॉल सॅम्पल.

आत्ता आजचं लाइनअप, म्हणजे बॅटिंगचा क्रम, आलंय. मॅनेजरने कालच्या त्या होमरवर खूश होऊन त्याला तीन नंबरवरून चार नंबरला टाकलंय. म्हणजे आता त्याच्यापुढे आणखी एक जण बेसवर असणार. आईने आत्ताच विचारलं, कप काचेचा घेऊ की स्टीलचा.