रोमन नगरसभासद शोभेचे नव्हते

प्राचीन रोमविषयी एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचा आशय असा: साम्राज्याचा कारभार सम्राट आणि त्याचे सुभेदार चालवत, गावोगावच्या नगरसभांचे सभासद, म्हणजे डेक्युरियन, हे नुसता मान मिरवणारे धनिक होते, पुढे कर वाढताच त्यांनी पळ काढला आणि शहरे बुडाली. ही तिन्ही विधाने मला दिशाभूल करणारी वाटतात.

पहिल्या विधानाला सर्वांत सबळ उत्तर स्पेनमध्ये मिळाले आहे. 1981 साली तेथे इर्नी नावाच्या लहानशा गावाच्या कायद्याचे कांस्यपट सापडले. इ. स. पहिल्या शतकाच्या अखेरच्या या कायद्यात नगरसभेची सभासदसंख्या 63 दिली आहे आणि गावचा पैसा, शिष्टमंडळे, सार्वजनिक कामे यांचे निर्णय सभेने कसे घ्यावेत हे बारकाईने सांगितले आहे. मालाका (आजचे मालागा) येथील अशाच कायद्यानुसार, वर्षभरात पुन्हा बांधायची नसलेली इमारत सभेच्या संमतीवाचून पाडता येत नसे आणि गावचा पैसा हाताळणाऱ्याला काम संपल्यापासून 30 दिवसांत हिशेब द्यावा लागे. शिवाय साम्राज्याचे कर आपापल्या भागातून गोळा करून देण्याची जबाबदारीही नगरसभांवरच असे. सुभेदाराच्या हाताखाली इतकी थोडी माणसे असत की, या सभा नसत्या तर त्याचा हुकूम त्याच्या कचेरीबाहेर पोहोचणेच कठीण होते.

‘मान मिरवणारे धनिक’ हे मात्र अर्धे खरे आहे. सभासदत्व सहसा तहहयात असे आणि ते श्रीमंतांपुरतेच मर्यादित होते. रोमन लेखक धाकटा प्लिनी याच्या पत्रावरून उत्तर इटलीतील कोमुम या गावी त्यासाठी 1,00,000 सेस्टर्सची (सेस्टर्स हे रोमन नाणे) मालमत्ता लागे असे दिसते. परंतु या पदाला वेतन नव्हते, उलट पद स्वीकारणाऱ्यानेच गावाला रक्कम देण्याची प्रथा होती. इटलीतील पाँपेई शहरात भूकंपात कोसळलेले इसिस या इजिप्शियन देवीचे देऊळ न्युमेरियस पोपिडियस सेल्सिनस याच्या नावे पुन्हा उभे राहिले, आणि तो अवघा सहा वर्षांचा असूनही सभेने त्याला शुल्क न घेता सभासद करून घेतले, असे तेथील शिलालेखच सांगतो. त्याचा पिता बहुधा मुक्त झालेला गुलाम होता आणि अशांना सभासदत्व वर्ज्य होते, म्हणून मुलाच्या नावे खर्च झाला. यात प्रतिष्ठेची हाव आहे हे मी नाकारत नाही. पण त्या हावेतूनच गावाला देऊळ मिळाले, आणि रोमन शहरांतील कितीतरी स्नानगृहे आणि नाट्यगृहे याच मार्गाने उभी राहिली.

राहिला पळून जाण्याचा आरोप. चौथ्या शतकात करवसुलीत तूट आली की ती सभासदांच्या खासगी मालमत्तेतून भरून घेतली जाई, त्यामुळे अनेकांनी सम्राटाची नोकरी, रोमची सिनेट किंवा चर्चचा आश्रय शोधला, हे खरे आहे. मात्र ज्यांच्या जाण्याने राज्याचे काही बिघडत नव्हते, त्यांना अडवण्यासाठी सम्राट कॉन्स्टंटाइनपासून पुढे एकामागून एक कायदे करावे लागले नसते. सम्राट मायोरियन याने तर 458 सालच्या कायद्यात या सभासदांना राज्याच्या शिरा आणि शहरांचे काळीज म्हटले आहे, आणि त्यांच्या दुरवस्थेचा दोष त्यांच्यावर नव्हे, तर अन्यायी न्यायाधीशांवर आणि लाचखोर वसुली अधिकाऱ्यांवर ठेवला आहे.