हवेत जागा शिल्लक नाही

कॉल सेंटरसाठी वायरलेस हेडसेट निवडणं म्हणजे दुसऱ्याच्या पायासाठी चप्पल निवडणं. घालणारा ती रोज आठ तास घालणार आणि निवडणारा स्वतःच्या केबिनमध्ये, दार लावून, दोन मिनिटं घालून बघणार. ‘हॅलो, येतोय का आवाज?’ ‘एकदम क्लिअर!’ झालं, शंभर नगांची ऑर्डर. एकट्याने बोलून बघितला तर जगातला कुठलाही हेडसेट चांगलाच वाटतो. शंभर जण एकाच हॉलमध्ये बोलायला लागले की त्याचे खरे गुण उधळतात, आणि ते बघायला समोर ग्राहक असतो.

माहितीपत्रकात सगळ्यात ठळक अक्षरांत काय असतं? रेंज. शंभर मीटर! दीडशे मीटर! हा आकडा वाचला की माझ्या पोटात गोळा येतो. दोन खुर्च्यांमध्ये दीड मीटर अंतर, आणि प्रत्येकाचा सिग्नल शंभर मीटर धावणार. म्हणजे पहिल्या रांगेतल्या बाईंचं बोलणं शेवटच्या रांगेतल्या रेडिओचीही जागा अडवणार.

जागा खरंच मोजकी असते. डेक्ट (घरातल्या कॉर्डलेस फोनचं रेडिओ तंत्र) जातीच्या हेडसेटला युरोपात 1880 ते 1900 मेगाहर्ट्झ एवढा पट्टा मिळतो. त्यात 10 कॅरियर, म्हणजे पट्ट्यातल्या वेगवेगळ्या वाटा, प्रत्येकावर एका वेळी 12 संभाषणं, म्हणजे कागदावर 120. अमेरिकेत पट्टा 1920 ते 1930, कॅरियर 5, म्हणजे 60. (परदेशातून स्वस्तात मागवलेला डेक्ट दुसऱ्या देशात चालवणं बेकायदा ठरू शकतं ते या पट्ट्यांमुळेच.) त्यात कोणीतरी उत्साहाने वाइडबँड, म्हणजे जास्त भरीव आवाजाची सोय, चालू करतो. आवाज गोड होतो, पण हेडसेट साधारण दुप्पट जागा खातो आणि आकडा निम्म्याच्या आसपास येतो. वरच्या मजल्यावर दुसरं कॉल सेंटर असेल तर तेही याच ताटात जेवतंय, कारण रेडिओला स्लॅब दिसत नाही. जागा संपली की लिंक लागत नाही, लागली तर तुटते, आणि न तुटली तर कानात भाजी चिरल्यासारखी कटकट ऐकू येते. उपाय साधा, पण कोणी करत नाही: बेसच्या (हेडसेट ज्याच्याशी बोलतो त्या टेबलावरच्या डबीच्या) सेटिंगमध्ये रेंज सगळ्यात कमीवर आणायची. सिग्नल जवळच विरला की तोच चॅनेल हॉलच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा वापरता येतो. पाण्याच्या कूलरपर्यंत बोलत जाता येणार नाही, हे मात्र आधी सांगून टाका.

‘मग ब्लूटूथ घेऊ की!’ घ्या. ब्लूटूथचे 79 चॅनेल, त्यांवर सेकंदाला 1600 उड्या, ऐकायला झकास. पण तो 2.4 गिगाहर्ट्झच्या त्या गल्लीत राहतो जिथे वायफाय, वायरलेस माऊस आणि पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्ह आधीच बिऱ्हाड करून आहेत. शिवाय डोंगल (कॉम्प्युटरला खोचायचा ब्लूटूथचा छोटा तुकडा) यूएसबी 3 च्या पोर्टशेजारी खोचला तर त्या पोर्टचा गोंगाटही नेमका तिथेच पसरतो. हेडसेट बदलायच्या आधी एक वीतभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब न्या. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. आणि एजंटचा मोबाइल त्याच हेडसेटला जोडू देऊ नका. ग्राहक रडकुंडीला आलेला असताना एजंटच्या कानात घरचा रिंगटोन वाजायला लागतो.

आता आवाजाचा सगळ्यात लाडका गैरसमज. खोक्यावर ‘नॉइज कॅन्सलिंग’ लिहिलेलं असतं. कोणासाठी, ते लिहिलेलं नसतं. कानातलं कॅन्सलिंग एजंटसाठी. ते एसीची घरघर छान गिळतं, शेजाऱ्याची बडबड फारशी नाही. ग्राहकाला शांतता हवी असेल तर माइकमधलं हवं. कानातलं भारी आणि माइकमधलं सुमार असलं की एजंटला देवळातली शांतता आणि ग्राहकाला बाजार.

माइकचंही एक तंत्र आहे. बूम, म्हणजे माइकची दांडी, ओठांच्या कोपऱ्यापाशी, दोन बोटं अंतरावर. थेट तोंडासमोर आणला तर श्वासाचा वादळवारा. कपाळाकडे फिरवून ठेवला तर आणखी गंमत: लांबचा आवाज म्हणजे गोंगाट, असं माइकचं गणित असल्याने तो इमानदारीत एजंटचाच आवाज पुसायला बसतो.

साइडटोन नावाची एक सेटिंग असते, म्हणजे आपलाच आवाज आपल्या कानात किती परत यावा. ती शून्यावर राहिली तर कान झाकलेला माणूस नकळत ओरडून बोलतो. त्याला ऐकून शेजारी ओरडतो. गोंगाटात आवाज आपोआप चढतो याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. हे 1911 सालीच लिहून ठेवलेलं आहे, तरी दुपारच्या शिफ्टपर्यंत पोचलेलं दिसत नाही.

बॅटरीवर ‘10 तास’ लिहिलेले असतात ते नव्या नवलाईचे. लिथियम-आयन पेशी तीनशे ते पाचशे चार्जनंतर साधारण 80 टक्क्यांवर येते. रोज चार्ज केला तर वर्ष-दीड वर्षात दहाचे आठ, आणि शिफ्ट नऊची. एकच हेडसेट तीन शिफ्टमध्ये फिरत असेल तर तो चार्ज कधी होणार? एक तर माणशी एक घ्या, नाहीतर बॅटरी बदलता येणारं मॉडेल. कानाच्या गाद्या मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या, यात काटकसर नको. सुटी गादी मिळत नसेल तर ते मॉडेल यादीतूनच काढा.

चाचणी घ्यायची तर दोन-तीन मॉडेल, पंधरा एजंट, दोन आठवडे, पूर्ण शिफ्ट, हॉलच्या मधोमध. कॉलचं रेकॉर्डिंग ग्राहकाच्या बाजूने ऐका. म्यूट हेडसेटवर दाबलं तर स्क्रीनवरही म्यूट दिसतंय ना, हे बघा. नाही दिसलं तर एजंटचे मनातले उद्गार ग्राहकाच्या कानी जायला वेळ लागणार नाही.

आणि हेडसेट-बेसच्या प्रत्येक जोडीवर तोच नंबर चिकटवा. बऱ्याच मॉडेलमध्ये हेडसेट ज्या बेसवर ठेवाल त्याच्याशी तो मुकाट्याने जुळून जातो. शिफ्ट बदलताना चौदा नंबरवाला घाईत पंधराच्या बेसवर टेकवतो, पंधरावाली चौदाच्या. सकाळी डावीकडचा ‘नमस्कार’ म्हणतो आणि तो उजवीकडच्या बाईंच्या ग्राहकाला ऐकू जातो. दोघंही व्हॉल्यूम वाढवतात.