शेजारी उभे राहिलात म्हणजे खिळलात असं नाही

पुण्यातल्या डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा कल्पनारम्य खेळ) खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर नवख्यांसाठी म्हणून एक मेसेज फिरतोय. सार एवढंच: शत्रूच्या शेजारच्या चौकोनात गेलात की हलू नका. पाऊल उचललंत, मंत्र टाकलात, धनुष्य ताणलंत, पडून उठलात, की दर वेळी शत्रूला फुकटचा वार. खाली ठसक्यात लिहिलंय, 'पाचव्या आवृत्तीचा नियम'. तो पाचव्या आवृत्तीचा नाही.

आधी पाऊल. पाचव्या आवृत्तीच्या 2014च्या नियमपुस्तकानुसार, म्हणजे प्लेयर्स हँडबुकानुसार, अपॉर्च्युनिटी अटॅक (तोच फुकटचा वार) मिळतो तो दिसणारा शत्रू तुमच्या रीचच्या, म्हणजे हत्यार पोचतं त्या टप्प्याच्या, बाहेर पडतो तेव्हा. आतल्या आत तो कितीही फिरो. ओगर हा धिप्पाड राक्षस घ्या. त्याची जागा 10 बाय 10 फूट, म्हणजे चार चौकोन, आणि गदेची रीच 5 फूट. फायटर (लढवय्या पात्र) पुढ्यातून निघून ओगरला चिकटूनच वळसा घालत तीन चौकोनांत, 15 फुटांत, पाठीमागे पोचतो. रीच एकदाही सुटली नाही, मग वार कसला? समोर हॅल्बर्डवाला (लांब दांड्याचा परशू घेतलेला) असेल तर त्याची रीच 10 फूट. शेजारून एक चौकोन मागे सरकलात तरी त्याच्या टप्प्यातच आहात, म्हणून तिथेही काही होत नाही. मिनी (पटावरची बाहुली) उचलायच्या आधीच फासे खुळखुळवणाऱ्या डीएमना (खेळ चालवणाऱ्यांना) हे दोनदा सांगावं लागतं. आणि कुणी ढकलल्यामुळे किंवा टेलिपोर्ट होऊन बाहेर गेलात, तर अपॉर्च्युनिटी अटॅक नाहीच.

मेसेज कुठून आला ते उघड आहे. 2003च्या साडेतीन आवृत्तीत शत्रूच्या धाकाखालचा चौकोन सोडला की वार बसायचा, दुसरा चौकोन त्याच्याच धाकाखाली असला तरी. शेजारी उभं राहून मंत्र, धनुष्य, पडून उठणं, सगळ्यालाच वार. म्हणून तर तेव्हा सगळे 5 फुटांच्या पावलावर जगायचे. त्या टेबलांवर शिकलेल्या मंडळींनी नवं पुस्तक घेतलं, नियम मात्र जुनेच चालू ठेवले. (पुणेकराला वीस वर्षांपूर्वीचं बरोबर होतं हे पटवायला पुरावा लागत नाही.)

बाकीचे तीन आरोप, त्याच 2014च्या पुस्तकानुसार, चटकन. पडून उठायला निम्मा वेग खर्च होतो, बाकी काही नाही. मंत्र टाकल्यावर वार हवा असेल तर शत्रूकडे मेज स्लेयरसारखी खास फीट (पात्राने निवडलेलं जादा कौशल्य) लागते. धनुष्याचं खरं दुखणं वेगळंच आहे: 5 फुटांच्या आत तुम्हाला पाहणारा, निष्क्रिय न झालेला शत्रू असेल तर नेमबाजीला डिसअॅडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. ते मेसेजमध्ये नाहीच.

आता 'फुकटचा' आणि 'दर वेळी'. हा वार रिअॅक्शन (प्रत्युत्तर म्हणून करायची कृती) खातो, आणि ती एकच असते. स्वतःची पाळी सुरू झाल्यावरच परत मिळते. फायटरला पहिला गॉब्लिन ओलांडून गेला आणि फायटरने वार केला, तर दुसरा आणि तिसरा गॉब्लिन निवांत निघून जातात. वारही एकच, एक्स्ट्रा अटॅक (पाळीत जास्तीचा वार करायची क्षमता) इथे लागू नाही. खरंच बाहेर पडायचं असेल तर डिसएंगेज आहे, म्हणजे वार न ओढवता निघायचा डाव. रोगला (चोरट्या पात्राला) तो दुसऱ्या लेव्हलपासून बोनस अॅक्शनमध्ये (पाळीतल्या जादा कृतीत) मिळतो, गॉब्लिनला जन्मतःच. 2014च्या नियमांत विझार्डचा शॉकिंग ग्रास्प हा विजेचा मंत्र लागला तर समोरच्याची रिअॅक्शनच जाते.

उरला शेवटचा युक्तिवाद: 'खऱ्या लढाईत हललं की मार बसतोच.' राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, 6 सेकंदांचा आहे. तेवढ्यात दोन तलवारबाज जागेवर उभे राहत नाहीत, सतत फिरत असतात, आणि नियम नेमकं तेच करू देतो. मेसेजमधल्या पद्धतीने खेळलं तर दुसऱ्या राउंडपासून सगळ्या मिनी गणपतीच्या आराशीतल्या मूर्तींसारख्या जागच्या जागी, आणि खेळाडू मोबाईलमध्ये. तरीही कुणाला तसंच आवडत असेल तर घरचा नियम म्हणून जरूर लावा, पहिल्या सेशनच्या आधी सांगून. फक्त पुस्तकाचं नाव घेऊ नका.