जाड कादंबरी, एक प्रत, आठ वाचक

‘कुणाकडे पीडीएफ आहे का?’ सात-आठशे पानी फँटसी कादंबरीचं नाव निघालं की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याचा राग येत नाही, कारण तीन भागांची मालिका विकत घ्यायची म्हटलं की खिशाला चांगलीच चाट बसते. पण त्यावरचा उपाय पीडीएफ नाही. आठ जणांनी मिळून एक प्रत विकत घ्यावी आणि ठरलेल्या क्रमाने फिरवावी. ७२० रुपयांचं पुस्तक माणशी ९० रुपयांत पडतं आणि लेखकाचा, अनुवादकाचा, प्रकाशकाचा एक पैसाही बुडत नाही.

यात कायद्याची अडचण कुठेच नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १४ मध्ये प्रती लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क लेखकाला दिलेला आहे, पण आधीच वितरणात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे पैसे मोजून घेतलेली प्रत तुम्ही मित्राला द्या, विका, आठ घरं फिरवा, कुणाचा हक्क मारला जात नाही. तीच पानं स्कॅन करून फाइल पाठवली की नवी प्रत तयार होते, आणि तो हक्क तुमचा नाही. मराठीत फँटसी आधीच कमी छापली जाते. जी छापली जाते ती विकली गेली नाही तर पुढचा भाग येणार कसा?

आपल्याकडे वाटून वाचणं नवीन नाही. सोसायटीत दिवाळी अंक फिरतात, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतल्या पेट्या गावोगाव आणि परदेशातही फिरतात. पण दिवाळी अंक कुठूनही उघडून वाचता येतो आणि चार दिवसांत पुढे जातो. फँटसी कादंबरीत पहिल्या पानावर नकाशा, मग राजघराण्यांच्या तीन पिढ्या, शंभरावर नावं, दोन-तीन कल्पित भाषांतले शब्द आणि शेवटी ‘क्रमशः’. ही फिरवायची तर थोडी शिस्त लागते.

आधी माणसं किती ते ठरवा. माझं मत आठ, त्यापुढे नको. ७०० पानांचं पुस्तक रोज २५ पानांनी २८ दिवसांत होतं, म्हणजे चार आठवडे. पोस्टात जायला-यायला आणि उशीर गृहीत धरून पाचवा आठवडा. एक पाळी पाच आठवड्यांची, आठ पाळ्या चाळीस आठवड्यांच्या, म्हणजे नऊ-सव्वानऊ महिने. बारा जण घेतले तर साठ आठवडे होतात. शेवटच्या माणसाचा उत्साह तोवर टिकत नाही, आणि पुस्तकाची बांधणीही टिकत नाही.

साखळी तुटते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. कुणीतरी पुस्तक दाबून बसतो. लोकांना वाटतं तो आळशी आहे. तसं क्वचितच असतं. त्याला पुस्तक आवडलेलं नसतं आणि सगळ्यांनी एवढी तारीफ केल्यावर तसं सांगायला लाज वाटते. म्हणून पहिल्याच दिवशी नियम करा: १०० पानांनंतर पटलं नाही तर कारण न देता पुढे पाठवायचं, आणि कुणी विचारायचं नाही. हा एक नियम बाकी सगळ्या नियमांपेक्षा जास्त उपयोगाचा आहे. दुसरं, ‘कधी संपणार?’ असं विचारू नका, त्याने माणूस ताठर होतो. दर रविवारी ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याने आठ जणांच्या ग्रुपवर फक्त पानाचा आकडा टाकायचा. ‘२१४.’ एवढंच. दोन रविवार तोच आकडा आला तर पुढच्याने फोन करायचा.

पानाच्या आकड्याचा आणखी एक फायदा असा की प्रत एकच असल्यामुळे सगळ्यांची पानं जुळतात. वेगवेगळ्या आवृत्त्या आणि ई-बुक वाचणाऱ्यांचं इथेच अडतं. ‘पान ३१२ पर्यंत आलेल्यांसाठी’ असं वर लिहून खाली मोकळेपणाने बोलता येतं, पुढचं फुटत नाही.

कथानक फुटण्याबद्दल मी फार कडक आहे. फँटसीत अर्धी गंमत कोण कुणाचा मुलगा, कोण मेलेला नाही आणि तलवार खरी कुठली यात असते. ती एका वाक्यात जाते. उघड कुणी सांगत नाही, फुटतं ते नकळत, आणि सगळ्यात जास्त फुटतं नावांच्या यादीतून. यादी तर हवीच. नवखा वाचक चाळिसाव्या पानावर तीन सारख्या नावांत अडकतो आणि पुस्तक मिटतो. म्हणून पुस्तकासोबत एक छोटी वही फिरू द्या. त्यात तीन रकाने: नाव, पहिल्यांदा कुठल्या पानावर आलं, आणि त्या पानापर्यंत त्याच्याबद्दल काय कळलं. तिसऱ्या रकान्यात चूक होते. समजा पान ५२ वर एक म्हातारा नावाडी येतो. शेवटपर्यंत वाचून झालेला माणूस सवयीने लिहून जातो, ‘नावाडी, हाच पदच्युत राजा’. लिहायचं फक्त ‘नावाडी, डाव्या हाताला दोन बोटं नाहीत, पैसे घेत नाही’. पुढचं वाचणाऱ्याला वाचू द्या. म्हणून यादी वाचता वाचताच भरायची, पुस्तक संपल्यावर नाही. आणि नावं अक्षरांच्या क्रमाने न लावता पानांच्या क्रमाने लिहायची, म्हणजे वाचणारा आपल्या पानापुढे बघत नाही.

पुस्तकात पेनाने लिहू नका, पेन्सिलीनेही नको. चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या तर अजिबात नकोत. त्यांचा चिकटा कागदावर राहतो, त्यावर धूळ बसते आणि वर्षभरात तिथे करडा पट्टा दिसतो. चाळीस चिठ्ठ्या आत राहिल्या की पुस्तक पुढून फुगतं आणि सगळा ताण पाठीवर येतो. जे सांगायचं ते पानाचा आकडा घालून वहीत.

आता पाठीबद्दल. जाड पेपरबॅकची पानं बहुतेक शिवलेली नसतात, गरम डिंकाने चिकटवलेली असतात. नवीन पुस्तक मधूनच उघडून दोन्ही बाजू टेबलावर दाबल्या की डिंकाला तडा जातो. तो तडा पहिल्या वाचकाला दिसत नाही, चौथ्याच्या हातात पानं सुटतात. म्हणून साखळी सुरू करणाऱ्याने पुस्तक नीट ‘उघडून’ द्यावं. पाठ टेबलावर टेकवून पुस्तक उभं धरा. आधी दोन्ही कव्हरं खाली सोडा. मग पुढून पंधरा-वीस पानं घेऊन कव्हरवर ठेवा आणि पाठीलगत बोट हलकं फिरवा, मग मागून तेवढीच, असं आळीपाळीने मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम आहे. हे झालेलं पुस्तक आठ वाचक सहज सोसतं.

नकाशाची आधीच एक झेरॉक्स काढून वहीत घडी घालून ठेवा. दर दहा पानांनी पहिल्या पानावर जाऊन नकाशा बघितला जातो, आणि कव्हर व पहिली पानं जिथे जोडलेली असतात तो सांधा त्यानेच आधी सुटतो.

पान सुटलंच तर सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते, कडा चिकट होतात आणि शेजारचं पान ओढून घेते. पांढरा फेविकॉल थोडा, काडीच्या टोकावर घेऊन पानाच्या आतल्या कडेला दोन-तीन मिलिमीटर रुंद पट्टा लावा, पान वर-खाली जुळवून जागेवर सरकवा, दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. फेविकॉल जास्त झाला तर पान लाटेसारखं वळतं आणि शेजारची दोन पानंही चिकटतात. कव्हरला शाळेच्या पुस्तकांना घालतात तसं पारदर्शक प्लास्टिक घाला, टेप प्लास्टिकवरच लावा, पुस्तकावर नाही. आणि जेवताना वाचू नका. हळदीचं बोट लागलं तर डाग पुरता जात नाही.

पोस्टाचं नीट समजून घ्या, कारण मधे बरंच बदललं आहे. पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त बुकपोस्टची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा बऱ्याच जणांनी पुस्तकं पाठवणंच सोडलं. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वजनाप्रमाणे वाढत ५ किलोला १०० रुपये, वर कर. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, पण नंबरावरून माग काढता येतो. काउंटरवर ‘ज्ञान पोस्ट’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर पार्सल म्हणून बुक होतं. ही सोय छापील पुस्तकांसाठी आहे, हाताने लिहिलेली वही किंवा चिठ्ठी आत घालायची नाही. त्यामुळे वही सोबत जायची असेल तर दोन्ही स्पीड पोस्टने पाठवा. रजिस्टर पोस्टही १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे. पैसे वाचवायचे असतील तर वहीच्या पानांचे फोटो पुढच्याला पाठवा आणि पुस्तक एकटं ज्ञान पोस्टने. पावतीचा फोटो त्याच दिवशी सगळ्यांना.

बांधणी करताना लक्षात ठेवायचं एकच: पुस्तक आत हललं नाही पाहिजे. हललं की कोपरे आपटतात. आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड टेपने बंद, मग पुस्तकापेक्षा चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोठे पुठ्ठ्याचे दोन तुकडे वर-खाली, चारी बाजूंनी आवळून टेप, मग बबल रॅप, मग जाड खाकी कागद. पत्ता बॉलपेनने, पिनकोड आणि मोबाइल नंबरसकट, आणि त्यावर पारदर्शक टेप, म्हणजे पावसात पत्ता भिजत नाही. तोच पत्ता आतल्या पुठ्ठ्यावरही लिहा. बाहेरचं लेबल निघालं तर आतलं उपयोगी पडतं. पुस्तक हातात आलं की चार फोटो काढून ग्रुपवर टाका: पुढचं कव्हर, मागचं, पाठ आणि खालची कड. कुणी बिघडवलं यावरचं भांडण या चार फोटोंनी होतच नाही.

क्रम लावताना नकाशा आणि पंचांग दोन्ही समोर ठेवा. जून ते सप्टेंबर पुस्तक रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात असू नये. तिथल्या वाचकांना नोव्हेंबरनंतरची पाळी द्या. एप्रिल-मे मध्ये विदर्भात असेल तर बंद गाडीत ठेवू नका, डिंक मऊ पडतो आणि पानं सरकतात. एवढं करूनही भिजलंच, तर उन्हात ठेवू नका आणि इस्त्री फिरवू नका. दर दहा-पंधरा पानांत टिश्यू पेपर घाला, पंख्याखाली ठेवा, दोन-तीन तासांनी टिश्यू बदला. रंगीत गुळगुळीत नकाशा असेल तर आधी त्याकडे बघा. तो कागद वाळताना एकमेकांना चिकटला की सुटा होत नाही, म्हणून ओला असतानाच मधे बटर पेपर सरकवा. दोन दिवसांत वाळलं नाही तर बुरशी धरते. बुरशी ओली असताना पुसू नका, आत घासली जाते. सावलीत पूर्ण वाळवा, मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झाडा. आणि तोवर ते पुस्तक तुमच्या इतर पुस्तकांत ठेवू नका.

मालिका असेल तर दुसऱ्या भागाचा क्रम हमखास चुकतो. कुणीतरी भलेपणाने सुचवतं, ‘पहिल्या भागात जो शेवटी होता तो दुसऱ्यात पहिला असू दे, म्हणजे न्याय होईल.’ करू नका. हिशोब बघा. पहिल्या क्रमांकाच्या वाचकाने पाचव्या आठवड्याच्या अखेरीला पहिला भाग पुढे पाठवला. भाग आठव्याकडे संपतो चाळिसाव्या आठवड्यात, मग दुसरा भाग उलटा निघतो आणि या पहिल्याकडे पोचतो पंच्याहत्तराव्या आठवड्यानंतर. मधे सत्तर आठवडे. तोवर त्याला नावाडीही आठवत नाही. क्रम तोच ठेवा, आणि पहिला भाग तिसऱ्या वाचकाकडे पोचला की दुसरा भाग विकत घेऊन पहिल्याकडे पाठवा. मग प्रत्येकाला दोन भागांमध्ये बरोबर एका पाळीची, पाच आठवड्यांची फट मिळते. त्याआधी घेऊ नका, कारण कोण गळणार ते पहिल्या दोन पाळ्यांत कळतं आणि वर्गणीचा हिशोब त्यावर अवलंबून असतो. गळलेल्याचे पैसे परत देऊ नका, त्याच्या जागी नवा माणूस घ्या.

सगळे भाग वाचून झाले की संच चिठ्ठी टाकून कुणा एकाला द्या किंवा गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाला. ग्रंथालयाला द्यायचा तर पूर्ण संचच द्या, सुटा दुसरा भाग कुणी घरी नेत नाही आणि तो कपाटात पडून राहतो. नावांची वहीही द्या, पण प्रत्येक भागाची पानं सुटी करून त्या त्या भागासोबत, म्हणजे तिसऱ्या भागाची यादी पहिला भाग नेणाऱ्याच्या हाती पडणार नाही.