एकशे आठ गोळ्या

रविवारी दारणा नदीच्या काठावर एक काका कानटोपी घालून आले आणि माझ्या गळापासून हातभरावर कणकेच्या गोळ्या टाकायला लागले. माशांना १०८ गोळ्या घातल्या की साडेसाती सुसह्य होते म्हणे. साडेसाती त्यांची, भोगत होतो मी.

माझा संसार साधा. सात फुटांचा बांबू, तेवढाच तंगूस (नायलॉनचा दोरा), १२ नंबरचा गळ. नंबर वाढला की गळ लहान होतो, पण दुकानदार हमखास मरळीसारख्या मोठ्या माशाचा गळ हातावर टेकवतो. गळाच्या वर वीतभरावर शिशाचा मणी आणि तरंगायला जुन्या स्लिपरचा तुकडा, शिशानं जेमतेम अर्धा बुडेल एवढाच. मोठा लावला तर चिलापी माशाला (तिलापियाला) ओढ जाणवते आणि ती गोळी थुंकून चालती होते. कणकेत थोडा कापूस पिंजून मळायचा, म्हणजे गोळी विरघळत नाही. आकार हरभऱ्याच्या डाळीएवढा. मोठी गोळी ती कडेकडेनं कुरतडून संपवते, गळ तसाच लटकत राहतो.

"सेहेचाळीस. काही लागतंय का रे?"

"तुम्ही जरा थांबलात तर लागेल, काका."

"थांबलो की मोजणी चुकते. सत्ते... छप्पन्न होते का सेहेचाळीस? बघ, बोलायला लावलंस!"

आणि पुन्हा एकपासून. असं दोनदा झालं.

काकांची कणीक सैल, गोळ्या बोराएवढ्या. पाण्यात पडल्या की फुटायच्या, पिठाचा ढग व्हायचा. मासे जमवायला असं पीठ मीही टाकतो, पण चिमूटभर. इथे पंगतीवर पंगत उठत होती. पोट भरलेला मासा गळाकडे कशाला बघेल?

त्यात जानेवारी. गार पाण्यात चिलापी तळाशी सुस्त पडते, ऊन तापल्याशिवाय तोंड उघडत नाही. दिवसाकाठी तास-दीड तासाची काय ती भूक, तीही काकांनी भागवली. उन्हाळ्यात एवढं बिघडलं नसतं. तेव्हा नर काठच्या उथळ पाण्यात थाळीएवढे खड्डे करून राखण करतात, खड्ड्यावर गळ गेला की भूक नसतानाही चिडून तोंड मारतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात कणीक दिसतच नाही, तिथे गांडुळाचा तुकडा हवा, आणि गांडूळ घालून पुण्य मिळतं असं अजून कुणी काकांना सांगितलेलं नाही. बरं, ही चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ साली आपल्याकडे आणलेली. तिला आपला शनी कळतो तरी का?

दीड वाजता १०८ भरल्या. दोन गोळ्या उरल्या.

"घे, ह्या लाव. तुझ्या कणकेत खोट आहे."

वैतागून त्यातलीच चिमूट लावली. स्लिपर सर्रकन बुडाली. चार बोटांची चिलापी.

"सोड तिला," काका म्हणाले, "माझ्या एकशे आठांतली आहे."

पाठीचे काटे डोक्याकडून शेपटीकडे दाबून मग मासा धरायचा, हे मला माहीत आहे. रागात उलटा हात पडला. अंगठा अजून ठणकतोय.