पोर्टचा नंबर बदलला म्हणून दार बंद होत नाही

लिनक्स आणि विंडोज एकमेकांवरून चालवायची ‘पाच मिनिटांची युक्ती’ बरीच फॉरवर्ड होते: विंडोज कुठलंही असो, रिमोट डेस्कटॉप चालू करा, लॉगिनचा पिन टाका, राउटरवर 3389 पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं ठरलेलं नेटवर्कचं दार) उघडा, भीती वाटली तर नंबर बदला, लिनक्सवर एक्सआरडीपी (रिमोट डेस्कटॉपने लिनक्समध्ये येऊ देणारा प्रोग्राम) टाका, काळी स्क्रीन आली तर पुन्हा इन्स्टॉल करा.

‘कुठलंही विंडोज’ चालत नाही. होम आवृत्तीवरून दुसऱ्या मशीनवर जाता येतं, पण तिच्यात बाहेरून येता येत नाही. त्याला प्रो, एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन लागते. लिनक्सवरून विंडोजला जोडायला रेमिना हा प्रोग्राम पुरतो.

पिन तर चालणारच नाही. तो त्या एका मशीनपुरता असतो. खात्याचा पासवर्ड द्या. स्थानिक खात्याला पासवर्डच नसेल, तर विंडोज नेटवर्कवरून येऊ देत नाही.

खरा धोका पोर्टच्या सल्ल्यात आहे. इंटरनेटवर उघडी पोर्ट शोधणारे स्कॅनर फक्त 3389 बघत नाहीत, आणि उत्तर मिळालं की मागे आरडीपी (रिमोट डेस्कटॉप ज्यावर चालतो तो प्रोटोकॉल) आहे हे लगेच ओळखतात. 2019 च्या आरडीपीमधल्या ‘ब्लूकीप’ त्रुटीत तर लॉगिन न करताच मशीन ताब्यात घेता येत होतं. सपोर्ट 2014 मध्येच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला पॅच (दुरुस्ती) काढावा लागला. तिथे पोर्टचा नंबर 3389 असो की 45000, काय फरक पडतो? राउटरवर आरडीपी उघडूच नका. वायरगार्ड (एक व्हीपीएन) किंवा एसएसएच (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी) यांच्या बोगद्यातून जा, म्हणजे सगळं एन्क्रिप्ट होऊन जातं. लिनक्सवर एसएसएच सर्व्हर असेल, तर विंडोजच्या एसएसएचने आपल्या 3390 पोर्टची गाठ लिनक्सच्या 3389 शी घाला आणि रिमोट डेस्कटॉपमध्ये 127.0.0.1:3390 (म्हणजे आपलंच मशीन, पोर्ट 3390) लिहा. 3390 अशासाठी, की विंडोजचा स्वतःचा आरडीपी चालू असेल तर 3389 आधीच अडलेला असतो. 

काळी स्क्रीन पुन्हा इन्स्टॉल करून जात नाही. एक्सआरडीपी समोरची स्क्रीन दाखवत नाही, सहसा नवं सेशन उघडतं. त्याच युजरचं सेशन आधीच चालू असलं की दोघांची टक्कर होते. आधी लिनक्सवर लॉगआउट करा, नाहीतर रिमोटसाठी वेगळा युजर ठेवा. समोरचीच स्क्रीन हवी असेल, तर उबुंटू (एक लिनक्स) 22.04 पासून ग्नोम या त्याच्या डेस्कटॉपच्या शेअरिंगमध्येच आरडीपी आहे, मात्र 22.04 मध्ये त्यासाठी आधी कोणीतरी मशीनवर लॉगिन केलेलं असावं लागतं.