पुन्हा नवं फ्रेमवर्क!

सोमवारी मीटिंगमध्ये परत तेच. कोणीतरी सुट्टीत व्हिडिओ बघून आलंय, आणि आता सगळा फ्रंटएंड, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारा भाग, नव्या फ्रेमवर्कमध्ये (कोड लिहायच्या तयार सांगाड्यात) लिहायचा म्हणे. अरे, पण का? सध्याच्यात काय अडलंय ते तरी सांगा!

मी हे भोगलंय. अँगुलरजेएस हे असंच एक फ्रेमवर्क २०१० साली आलं, आम्ही जीव ओतून शिकलो. २०१६ मध्ये अँगुलर २ आलं ते मुळापासून वेगळं. स्कोप आणि कंट्रोलर हे जुन्यातले मुख्य भागच गेले, जुना कोड जसाच्या तसा चालेना. आमचा बिलाचा साधा फॉर्म, चौदा रकाने आणि जीएसटीचा हिशेब. तो नव्याने लिहिताना राउंडिंगची एक जुनी दुरुस्ती सुटली आणि ग्राहकाच्या बिलात पैशांचा फरक यायला लागला. रात्री दोनपर्यंत मी जुना कोड ओळ न् ओळ चाळत बसले होते. ती दुरुस्ती कुठे लिहून ठेवलेली नव्हती, फक्त त्या कोडमध्ये होती.

नव्या फ्रेमवर्कच्या डेमोतली टू-डू लिस्ट सगळ्यांचीच पळते हो! आमचा दहा हजार ओळींचा तक्ता त्यात टाकून दाखवा, मराठी नावं नीट शोधून दाखवा. मग बोलू. तोवर चालत्या कोडला हात लावू नका.